झूम की प्राइम? टेलिफोटो लेन्स निवडताना चुकणारा क्रम

टेलिफोटो म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स. तिची फोकल लेंग्थ (मिमीमधला आकडा; जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं) झूममध्ये रिंग फिरवून बदलते, प्राइममध्ये एकच असते. "१५०-६०० ची झूम घेऊ की ५०० ची प्राइम?" असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, "तुझं पाखरू सहसा किती लांब असतं?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. दोन्ही लेन्सचे शार्पनेसचे तक्ते मात्र तोंडपाठ असतात. मग लेन्स येते आणि चार-सहा महिन्यांत विकायलाही निघते. लेन्स चांगलीच असते, पण ती त्या माणसाच्या कामाची नसते.

गडबड होते ती क्रमात. लोक शार्पनेसपासून सुरुवात करतात आणि अंतराचा विचार शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. खालचे टप्पे मी ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळलात तर पुढच्याचं उत्तर चुकतं.

## तयारी

हाताशी एवढं असू द्या: गेल्या वर्षभरातले तुम्ही स्वतः निवडून ठेवलेले दोन-तीनशे टेलिफोटो फोटो, एक वही, कागदी चिकटपट्टी आणि साधारण दोन आठवडे. सध्या कुठलीच टेलिफोटो नसेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली ५५-२५० किंवा ७०-३०० चालेल. तीही नसेल तर मित्राकडून आठवडाभरासाठी मागून घ्या किंवा भाड्याने आणा. नुसत्या वाचनावर हा निर्णय होत नाही.

## टप्पा १: जुन्या फोटोंची हजेरी

जवळपास प्रत्येक डिजिटल फोटोत फोकल लेंग्थची नोंद असते. फोटो सांभाळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थनुसार फोटो गाळून घेता येतात. वहीत तीन रकाने आखा: झूमचं आखूड टोक, मधला भाग, लांब टोक. निवडलेले फोटो कुठल्या रकान्यात किती पडतात ते मोजा. काढलेले सगळे फोटो मोजू नका, ठेवलेलेच मोजा. फेकून दिलेल्या फोटोंवरून लेन्स निवडायची नसते.

आता त्या आकड्यांचा अर्थ लावायचा आहे, आणि इथेच बरेच जण घसरतात. समजा तुमच्या ७०-३०० वर दहापैकी आठ फोटो ३०० वर निघालेत. लगेच निष्कर्ष निघतो, "मी झूम वापरतच नाही, म्हणजे मला ३०० ची प्राइम हवी." थांबा. ते आठ फोटो उघडा आणि त्यातले किती तुम्ही नंतर कापलेत (क्रॉप केलेत) ते बघा. कापलेले नसतील, चौकट मूळचीच असेल, तर ३०० हीच तुमची लांबी आहे आणि प्राइमचा विचार रास्त आहे. बहुतेक सगळे कापलेले असतील तर तुमची लेन्स तोकडी पडतेय. तुम्हाला लांबी हवी आहे. ती झूममधून मिळवायची की प्राइममधून, हे अजून ठरायचंय.

फोटो तिन्ही रकान्यांत विखुरलेले असतील तर तुम्ही झूमचे गिऱ्हाईक आहात. तरी पुढचे टप्पे करा.

तपासा: वहीत एक वाक्य लिहून झालं पाहिजे. "माझे ठेवलेले फोटो जास्त करून अमुक मिमीवर आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त कापलेले आहेत किंवा नाहीत." हे वाक्य लिहिता येत नसेल तर मोजणी पुन्हा करा.

## टप्पा २: हातातल्या झूमवरचा आळ खरा आहे का

"माझी झूम सॉफ्ट (मऊ, म्हणजे धूसर चित्र देणारी) आहे, म्हणून प्राइम हवी." हे कारण मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि त्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे. आधी चाचणी घ्या.

भरपूर उजेडात, सकाळी लवकर, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. १०-१२ मीटरवर बारीक छपाईचा कागद भिंतीला सपाट चिकटवा. लेन्सवरचा फिल्टर काढा आणि स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर आवरणारी सोय) बंद करा. लांब टोकाला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक), टायमर लावून पाच फोटो काढा, दर वेळी फोकस नव्याने घेऊन. मग अ‍ॅपर्चर एक स्टॉप (उजेड निम्मा होईल इतकं) बंद करून आणखी पाच.

पाचही स्वच्छ आले तर लेन्स निर्दोष आहे आणि दोष तुमच्या हातात, शटर स्पीडमध्ये किंवा हवेत आहे. दोन स्वच्छ आणि तीन मऊ आले तर ऑटोफोकस डगमगतोय. पाचही सारखेच मऊ आले तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) चित्र मोठं करून हाताने फोकस करा आणि पुन्हा काढा. आता स्वच्छ आले तर फोकस ठरावीक अंतराने पुढे-मागे पडतोय. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) हे सर्रास होतं आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत त्याची बारीक दुरुस्ती मेनूतून करता येते. एवढं करूनही मऊच राहिले तर लेन्स खरंच मऊ आहे.

हवेचं विसरू नका. तापलेल्या जमिनीवरून किंवा गाडीच्या बॉनेटवरून ३०-४० मीटर लांबचं काही टिपलंत, तर मध्ये थरथरणारी गरम हवा असते. तिच्यापुढे कुठल्याही लेन्सचं काही चालत नाही. उलट लेन्स जितकी लांब तितकी ती थरथर मोठी होऊन दिसते. दुपारी बारा वाजता काढलेले फोटो पाहून झूमला नावं ठेवणारे मी पाहिलेत. प्राइम घेतल्यावरही त्यांचे फोटो तसेच येतात, फक्त मग बोलायची सोय राहत नाही.

सावध: स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर आवरतं, समोरच्याची हालचाल नाही. मान हलवणाऱ्या पक्ष्याला १/६० सेकंदाच्या शटर स्पीडवर टिपून "लेन्स सॉफ्ट" म्हणू नका. बसलेल्या पक्ष्याला १/५०० आणि उडणाऱ्याला १/२००० च्या आसपास, ही सुरुवातीची खूणगाठ बांधा.

## टप्पा ३: अंतराचा हिशोब

याला कॅल्क्युलेटर पुरतो. फोकल लेंग्थ गुणिले वस्तूचा आकार, भागिले वस्तूपर्यंतचं अंतर, म्हणजे सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर) पडणाऱ्या चित्राचा आकार.

उदाहरण घेऊ. २० सेंटीमीटरचा पक्षी २० मीटरवर बसलाय. ४०० मिमीने त्याचं चित्र सेन्सरवर ४ मिमीचं पडतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, म्हणजे पक्षी चौकटीचा नववा भाग व्यापतो. सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे रुंदीला ६००० पिक्सेलचा असेल तर पक्ष्याच्या वाट्याला ६६७ पिक्सेल येतात. ६०० मिमीने ते १००० होतात. तोच ६०० चा परिणाम ४०० ने हवा असेल तर तुम्हाला साधारण १३ मीटरपर्यंत जवळ जावं लागेल. ते सात मीटर पक्षी तुम्हाला देणार आहे का, हा खरा प्रश्न.

कापायचं म्हणाल तर ४०० च्या फोटोतून ६०० ची चौकट काढताना २४ मेगापिक्सेलचे जेमतेम साडेदहा उरतात. ४५ मेगापिक्सेलचे २० उरतात, आणि तेवढ्यावर बहुतेकांचं भागतं. म्हणून जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा असणाऱ्याला आखूड प्राइम परवडते, इतरांना परवडेलच असं नाही.

क्रॉप सेन्सरबद्दल (फुल फ्रेमहून लहान सेन्सरबद्दल) एक गैरसमज काढून टाका. १.५ किंवा १.६ पटीचा क्रॉप सेन्सर लेन्स लांब करत नाही, चित्र तेवढंच पडतं. पण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर पिक्सेल दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे वरच्याच उदाहरणात ४०० मिमीनेही पक्ष्याला हजारभर पिक्सेल मिळतात. लांब लेन्स घेण्याआधी हा हिशोब आपल्या कॅमेऱ्यासाठी एकदा करून बघा. काही वेळा लेन्सची गरजच संपते.

तपासा: तुमचे नेहमीचे दोन विषय आणि त्यांची सर्वांत जवळची व सर्वांत लांबची अंतरं वहीत लिहा. अंतर अंदाजाने सांगता येत नसेल तर पावलं मोजा. टेलिफोटोतून बघून सांगितलेलं अंतर नेहमी चुकतं, कारण सगळंच जवळ दिसतं.

## टप्पा ४: पाय हलणार आहेत का

लांबचं अंतर सगळे मोजतात. जवळचं कुणी मोजत नाही, आणि प्राइम तिथेच अडवते.

माझीच गोष्ट. झूम विकून ३०० ची प्राइम घेतली, कॅमेरा क्रॉप सेन्सरचा. पहिल्याच सकाळी पाण्याच्या कडेला दडून बसलो. तासाभराने राखी बगळा आला तो थेट आठ मीटरवर उतरला. जवळजवळ मीटरभर उंचीचा पक्षी, गळ्याची पिसं वाऱ्याने हलतायत, चोचीत मासा. माझ्या चौकटीत मान होती, किंवा पाय होते. दोन्ही एकदम कधीच नव्हते. मागे सरकलो असतो तर तो उडाला असता. त्या दिवशीचे माझ्याकडे चोचीचे सुंदर फोटो आहेत.

हिशोब तोच, टप्पा ३ मधला. त्याने खेळाच्या मैदानाचंही बघा. १.८ मीटर उंचीचा खेळाडू ४०० मिमीने फुल फ्रेमवर पूर्ण मावायला उभ्या चौकटीत किमान २० मीटर लांब असावा लागतो, आडव्या चौकटीत ३० मीटर. त्याच्या आत आला की पाय कापले गेले. गोल तुमच्याच बाजूला झाला तर नेमका तो क्षण हातून जातो. म्हणूनच मैदानाच्या कडेला ४०० ची प्राइम लावून बसणाऱ्या व्यावसायिकांच्या खांद्यावर दुसरा कॅमेरा असतो, ७०-२०० लावलेला. त्यांची प्राइम बघून प्राइम घेताना तो दुसरा कॅमेराही मोजा.

आता स्वतःला विचारा. मी गाडीत, मचाणावर, प्रेक्षकांत, रंगमंचासमोरच्या खुर्चीत किंवा बोटीत बसलेला असणार का? असल्यास पाय बांधलेले आहेत आणि झूमचं पारडं जड. मोकळ्या जागेत चालत फिरणार, की एका ठरलेल्या फांदीसमोर दडून पक्ष्याची वाट बघणार? तिथे अंतर तुम्ही ठरवता, आणि प्राइमचा काहीही अडथळा होत नाही.

"पायाने झूम करा" हा सल्ला टेलिफोटोच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. पुढे-मागे गेल्याने विषय आणि मागचा डोंगर यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलतं, नुसती चौकट बदलत नाही. दूरची निसर्गचित्रं टिपणाऱ्याला जागा बदलून चालतच नाही. त्याला १००-४०० सारखी झूम घ्यायला मी फार विचार न करता सांगतो.

## टप्पा ५: उजेडाचा हिशोब

प्राइमसाठी जास्तीचा खर्च आणि वजन सोसायचं सबळ कारण म्हणजे मोठं अ‍ॅपर्चर. म्हणून स्टॉप मोजायला शिका.

एफ-आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ/२.८ ते एफ/४ एक स्टॉप. एफ/४ ते एफ/५.६ एक स्टॉप. एफ/५.६ ते एफ/६.३ फक्त एक तृतीयांश. म्हणजे एफ/४ ची प्राइम आणि लांब टोकाला एफ/६.३ होणारी झूम यांच्यात सव्वा स्टॉपहून थोडा जास्त फरक पडतो. पहाटे प्राइमवर १/१००० ला आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० पुरत असेल, तर त्याच वेळी झूमवर ४००० लागेल. आयएसओ ४००० चे फोटो तुमच्या कॅमेऱ्यावर कसे येतात ते आज रात्री घरात काढून बघा. चालण्यासारखे असतील तर प्राइमची निम्मी गरज इथेच संपली.

एफ/५.६ ची प्राइम आणि एफ/६.३ ची झूम यांत उजेडासाठी निवड करू नका. एक तृतीयांश स्टॉप व्यवहारात जाणवतसुद्धा नाही. तिथे निवड वजनावर किंवा ऑटोफोकसच्या वेगावर करा. प्राइम म्हणजे उजेडाला उघडी असंही गृहीत धरू नका. कॅननची आरएफ ६०० मिमी प्राइम एफ/११ वर पक्की आहे, अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. ९३० ग्रॅमची ती हलकी लेन्स भर उन्हात छान चालते, पहाटे मात्र तिच्याकडून अपेक्षा ठेवू नयेत.

एक हिशोब फारसा कुणी करत नाही. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागा. ३०० एफ/४ म्हणजे ७५ मिमी. ६०० एफ/६.३ म्हणजे ९५ मिमी. हा लेन्सच्या उजेड घेणाऱ्या डोळ्याचा व्यास झाला. एकाच जागेवरून एकाच पक्ष्याकडून जास्त उजेड कोण गोळा करतं? ९५ वाली, म्हणजे तुम्ही जिला अंधारी म्हणता ती झूम. ३०० एफ/४ ने काढून दुप्पट कापलेला फोटो त्यामुळेच जास्त दाणेदार दिसतो. पक्षी चौकटीत सारखाच मोठा ठेवला तर दूरची पार्श्वभूमी विरघळवण्यातही ९५ वालीच पुढे. म्हणून "प्राइमचा बॅकग्राउंड" असं सरसकट बोलू नका, व्यास काढा. ६०० एफ/४ चा व्यास १५० मिमी भरतो. तिचं नाव, वजन आणि किंमत तिघंही तिथून येतात.

सावध: ज्या झूमचं अ‍ॅपर्चर लांबीबरोबर बदलतं तिच्यावर मॅन्युअल मोडमध्ये, आयएसओ पक्का ठेवून काम करत असाल, तर आखूड टोकाला उघड्या अ‍ॅपर्चरवर बसवलेला उजेड लांब टोकाला कमी पडतो. अ‍ॅपर्चर तुमच्या नकळत बारीक होतं आणि फोटो काळवंडतात. आयएसओ ऑटोवर ठेवा, किंवा सुरुवातीलाच लांब टोकाचा आकडा धरून उजेड बसवा.

तपासा: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, झूमची रिंग हळूहळू फिरवा आणि आकडा कुठल्या लांबीला बदलतो ते लिहून घ्या. खोक्यावर फक्त दोन टोकं छापलेली असतात. लेन्स अर्ध्या वाटेवरच एफ/६.३ होत असेल तर आखूड टोकाचा गोड आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

## टप्पा ६: वजन, जवळचं फोकस आणि टेलिकन्व्हर्टर

"प्राइम म्हणजे जड" हे अर्धसत्य आहे. निकॉनची २००-५०० एफ/५.६ झूम ट्रायपॉड कॉलरसकट (लेन्स ट्रायपॉडला जोडणाऱ्या कड्यासकट) २३०० ग्रॅमची, तर त्यांचीच ५०० एफ/५.६ पीएफ प्राइम १४६० ग्रॅमची. लांबी तीच, अ‍ॅपर्चर तेच, आणि प्राइम पाऊण किलोहून जास्त हलकी. उलट सोनीची २००-६०० झूम २११५ ग्रॅमची आणि ६०० एफ/४ प्राइम ३०४० ग्रॅमची, दोन्ही कॉलर वगळून. अ‍ॅपर्चर सारखं असेल तर प्राइम बहुधा हलकी पडते, अ‍ॅपर्चर वाढवलंत तर जड.

वजन कागदावर वाचू नका. तेवढ्या वजनाची पाण्याची बाटली आणि कॅमेरा मिळून हातात घ्या, डोळ्यापाशी धरा, दोन मिनिटं हलू नका. मिनिटाच्या आत हात कापायला लागला तर मोनोपॉडचाही (एकपायी स्टँडचाही) विचार याच खर्चात करा.

जवळचं फोकस फुलपाखरं आणि चतुर टिपणाऱ्यांनी जरूर बघावं. निकॉनची २००-५०० सव्वादोन मीटरच्या आत फोकस करते, ५०० पीएफला तीन मीटर लागतात. सोनीच्या ६०० एफ/४ ला साडेचार. त्याच्या आत बसलेला चतुर तुमच्यासाठी नाहीच.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून फोकल लेंग्थ वाढवणारा जोड) १.४ पटीचा असेल तर एक स्टॉप उजेड जातो, दुप्पटीचा असेल तर दोन. एफ/४ ची प्राइम १.४ लावून एफ/५.६ होते आणि आनंदाने चालते. एफ/६.३ ची झूम एफ/९ होते. बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा, काहींचा मोजक्या बिंदूंवर एफ/८ पर्यंत. मिररलेस (बिनआरशाचे) कॅमेरे याच्या पुढेही फोकस घेतात, पण कमी उजेडात चाचपडतात. पुढे कन्व्हर्टर लावायचाच असेल तर प्राइमला गुण द्या. आणि लेन्सला कन्व्हर्टर बसतो का हे आधी विचारा. कॅननच्या आरएफ १००-५०० वर तो बसवला की झूम ३०० ते ५०० एवढीच फिरते, आखूड टोक बंद होतं.

## टप्पा ७: पट्टी लावून एक आठवडा

हा टप्पा टाळू नका. खर्च शून्य आणि उत्तर पक्कं.

घ्यायची असलेली प्राइम ज्या लांबीची, त्या लांबीवर तुमची झूम फिरवा. झूम तिथवर पोचत नसेल तर तिचं लांब टोक. रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. कागदीच घ्या, प्लास्टिकच्या पट्टीचा चिकटा रबरावर राहतो. आता आठवडाभर, निदान चार वेळा बाहेर पडून, नेहमीचे फोटो काढा. पट्टी काढायची नाही.

प्रत्येक वेळी वहीत फक्त दोन प्रकारच्या रेघा मारा. रिंग फिरवून आखूड करावीशी वाटली की एक आडवी रेघ, लांब करावीशी वाटली की एक उभी रेघ.

पहिल्या दिवशी आडव्या रेघा खूप पडतील, त्या धरू नका. सवयीचा हात आहे. पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट जाणवेल: पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) सापडतच नाही. ४०० मिमीने फुल फ्रेमवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम सहा अंश दिसतात, ६०० ने चार. झूमवाला आखूड करून पक्षी शोधतो आणि मग लांब करतो. प्राइमवाल्याला ती सोय नाही. त्याने नजर पक्ष्यावर खिळवून, मान न हलवता कॅमेरा डोळ्यापाशी आणायचा असतो. फोकस आधीच साधारण त्या अंतरावर आणून ठेवायचा, नाहीतर सगळी चौकट धुक्यासारखी दिसते आणि पक्षी समोर असूनही कळत नाही. दोन-तीन दिवसांत जमतं. आठवड्यानेही जमत नसेल आणि तुम्हाला उडते पक्षीच टिपायचे असतील, तर ही खूण गंभीरपणे घ्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या रेघा खऱ्या. आडव्या जास्त असतील तर झूम. उभ्याच जास्त असतील तर लांब लेन्स, प्रकार कुठलाही. रेघा जवळपास नाहीतच आणि पट्टी लावलीय हेच विसरायला होतंय, असं झालं तर प्राइम घ्या.

## टप्पा ८: निर्णय

पहिलीच टेलिफोटो घेत असाल तर झूम घ्या. यावर मी वाद घालत नाही. तुमची लांबी कोणती हे तुम्हाला अजून माहीत नाही आणि ती शोधायचं झूमइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

दुसरी घेत असाल, पाय मोकळे असतील, पट्टीचा आठवडा निभावला असेल आणि नवी प्राइम हातातल्या झूमपेक्षा निदान एक स्टॉप उघडी किंवा अर्धा किलो हलकी असेल, तर प्राइम. या दोन्हींपैकी एकही फायदा नसेल तर फक्त शार्पनेससाठी बदल करू नका. आजच्या चांगल्या झूम आणि त्याच अ‍ॅपर्चरची प्राइम यांच्यातला फरक पडद्यावर शंभर टक्के मोठं करून शोधावा लागतो. थरथरणारी गरम हवा आणि हाताची थरथर त्याहून जास्त खाऊन जातात.

जुन्या प्राइमच्या मोहात पडताना स्टॅबिलायझेशन आहे का बघा. कॅननची ईएफ ४०० एफ/५.६ एल ही १२५० ग्रॅमची, चपळ फोकसची लेन्स, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. उडत्या पक्ष्यांना १/२००० वर टिपताना ते लागतही नाही. संध्याकाळी फांदीवर बसलेल्या घुबडापाशी लागतं.

झूम ठेवून प्राइम घ्या, झूम विकून नाही. निदान पहिले सहा महिने.

## टप्पा ९: लेन्स हातात आल्यावर

परतीची मुदत किती दिवसांची ते आधी विचारा आणि ही तपासणी पहिल्या दोन दिवसांत उरका.

टप्पा २ ची कागदाची चाचणी पुन्हा करा, यावेळी कागद चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणून. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ येत असेल तर आतलं भिंग तिरकं बसलंय, लेन्स परत करा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. प्राइमवर ही चाचणी एकदा पुरते. झूमवर आखूड, मधली आणि लांब अशा तिन्ही ठिकाणी करा, आणि फोकस जवळ व लांब दोन्हीकडे. झूम लांब टोकाला लांबवर मऊ आणि जवळ ठणठणीत असं अनेकदा आढळतं. दुकानात समोरच्या फळीवर फोकस करून बघणाऱ्याला ते कळत नाही.

वापरलेली लेन्स असेल तर अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारून पुढून बघा. जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, घेऊ नका. धुळीचे चार कण म्हणजे काही नाही. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी हवीत. झूमची नळी पुढे काढून बोटांनी हलकेच हलवा, खडखडा हलली तर ती पडलेली असू शकते. रिंग एखाद्या ठिकाणी अडखळत असेल तरीही तोच संशय. लेन्स खाली झुकवल्यावर नळी आपोआप घसरते का ते बघा. थोडी घसरणं चालतं, कुलूप लावता येतं. आतून किंचित खुळखुळ आली म्हणून घाबरू नका. बऱ्याच लेन्समध्ये कॅमेरा बंद असताना स्टॅबिलायझेशनचा किंवा फोकसचा भिंगसंच सैल असतो. कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला पाहिजे.

शेवटी फोकस लिमिटरचं बटण बघा. लांबच्या पक्ष्यांसाठी ते जवळचा पल्ला वगळणाऱ्या खुणेवर ठेवा, म्हणजे फोकस चुकला तरी लेन्स अगदी जवळपर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही. आणि काम झाल्यावर ते पूर्ण पल्ल्यावर आणून ठेवा. दुसऱ्या दिवशी खंड्या तीन मीटरवर येऊन बसतो, लेन्स फोकस घेत नाही, आणि माणूस लेन्स दुरुस्तीला पाठवायला निघतो. मी पाठवली होती. तशीच परत आली, सोबत चिठ्ठी: "बटण बघा."